कुलकर्ण्यांचं मूळ गाव कोणतं?

गेल्या महिन्यात 'पाटील' आडनावावर लिहिलं, तेव्हाच वाटलं होतं की आता कुलकर्णी गप्प बसायचे नाहीत. गावात पाटलाची पाळी झाली की कुलकर्ण्याची यायचीच. आलेल्या पत्रांतली चार घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको: मी जन्माने कुलकर्णी, लग्नानेही कुलकर्णी, आणि नोकरी केली तीही तालुक्याच्या जमिनीच्या रेकॉर्डमध्ये. पूर्वजांचं दप्तर काही सुटलं नाही.

प्रश्न : आमचं गाव लातूर जिल्ह्यात. मुलगा नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. तिथे ऑफिसात आणखी दोन कुलकर्णी निघाले. एक धारवाडचा, घरी कन्नड बोलणारा, दुसरा साताऱ्याचा. तिघांनी 'कुलकर्णी परिवार' असा ग्रुप काढला आणि आता मूळ पुरुष कोण, मूळ गाव कोणतं, याचा शोध चाललाय. माझे वडील सांगायचे, कुळांकडून 'कर आणी' तो कुलकर्णी. हे खरं का? आणि हे तिघं एकाच घराण्यातले असू शकतात का? — एक वाचक, लातूर

ग्रुप चालू ठेवायला सांगा, पण मूळ पुरुष शोधायचं काम त्यांच्यावर सोपवू नका. तो सापडणार नाही, कारण तो एक नव्हताच.

कुलकर्णी हे आधी कामाचं नाव, मग वतनाचं (म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या हुद्द्याचं आणि हक्काचं), आणि सगळ्यात शेवटी आडनाव. गावात दोन वतनदार. पाटील गावाचा मुख्य, वसुलाची जबाबदारी त्याची. कुलकर्णी लिहिणारा: कोणाची जमीन किती, काय पेरलं, सारा किती, भरला किती, बाकी किती. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी म्हणजे देशमुख आणि देशपांडे. तेव्हा तुमच्या वडिलांची व्युत्पत्ती ऐकायला झकास असली तरी पाटलाच्या कामावर हक्क सांगणारी आहे. कर 'आणणं' पाटलाकडे. कुलकर्ण्याने तो आला की नाही ते लिहायचं. शब्द आहे 'कुळ' आणि 'करण' यांचा. कुळ म्हणजे जमीन कसणारं घर, खातं. आपल्या 'कूळकायद्या'तलं तेच. करण म्हणजे लेखन, दस्तऐवज. लिहिणाऱ्याला जुन्या संस्कृतात करणिक म्हणत. ओडिशातली लेखनिकांची 'करण' जात, तेलुगू मुलखातला गावचा 'करणम्', ही सगळी त्याच शब्दाची पिलावळ. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस या मंडळींच्या शेपटीला फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा, आहे. आपला कुलकर्णी त्यामानाने इथल्याच मातीतला. (मराठीचा व्युत्पत्तिकोश करणारे कृ. पां. हेही कुलकर्णीच. १९४६ साली तो कोश छापून आला. लिहून ठेवायची खोड, दुसरं काय.)

या वतनाला 'कुलकर्ण' म्हणत. पुष्कळ ठिकाणी जोशीपणही त्याच घरात असायचं, म्हणून जुन्या कागदांत 'जोशी-कुलकर्ण' असा जोडशब्द भेटतो. आता तुम्हीच हिशेब करा. आजच्या महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत. एका कुलकर्ण्याकडे कधी दोन-चार गावं असत, हे धरलं तरी कुलकर्णी घराणी हजारोंत जातात. त्या प्रत्येकाचं मूळ उपनाव वेगळं, गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं. समर्थ रामदासांचं उदाहरण घ्या. जांबेचं कुलकर्ण त्यांच्या वडिलांकडे, सूर्याजीपंतांकडे होतं, पण घराण्याचं उपनाव ठोसर. ज्ञानेश्वरांचं घराणं आपेगावचं कुलकर्णी. दोघांच्या घरी कुलकर्ण होतं म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद झाले नाहीत.

माझंच सांगते. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "अहो, कुलकर्ण्यात कुलकर्णी कशी देता? भावकी नाही ना?" आईने त्यांना गोत्रं सांगितली. माहेरचं कौशिक, सासरचं भारद्वाज. दोन्ही घराण्यांत तोवर एकाही पिढीची सोयरीक नव्हती. आडनाव तेवढं सारखं, कारण दोघांच्या खापरपणजोबांनी एकाच प्रकारचं काम दोन वेगळ्या गावांत केलं होतं.

तुमच्या मुलाच्या धारवाडच्या मित्राबद्दल नवल वाटून घेऊ नका. उत्तर कर्नाटक हा कुलकर्ण्यांचा मुलूखच आहे: बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट, गदग, कलबुर्गी. तिथेही गावचा हिशेब लिहिणारा कुलकर्णीच होता, आणि त्याची घरची भाषा कन्नड. खाली म्हैसूरकडे गेलात की हेच काम करणाऱ्याला 'शानभोग' म्हणत, त्यावरून शानभाग झाले. सुधा मूर्ती माहेरच्या कुलकर्णी, जन्म शिग्गावचा. त्यांचे भाऊ खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी जन्मले आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला आणि शिकले हुबळीला. आणि आपले जी. ए. बेळगावचे, मराठी कथा लिहिल्या आणि आयुष्यभर शिकवलं धारवाडला. सीमा १९५६ ची, कुलकर्ण त्याच्या कितीतरी आधीचं.

तुमच्या लातूरकडच्या जुन्या कागदांत मात्र 'कुलकर्णी'ऐवजी 'पटवारी' दिसलं तर गोंधळू नका. निजामाच्या अमलातला तो शब्द. काम तेच. गोव्यातही गावकरीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, हिशेब लिहिणाऱ्याला कुळकर्णीच म्हणत.

सगळे कुलकर्णी ब्राह्मण का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन पत्रांत होतं. बहुसंख्य देशस्थ ब्राह्मण, ऋग्वेदी आणि यजुर्वेदी दोन्ही. त्याखेरीज कऱ्हाडे, सारस्वत आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूही. पाटील किंवा देशमुख आडनाव जसं मराठ्यांपासून माळी, धनगर, लिंगायत, जैन, आगरी, मुसलमान अशा सगळ्यांत सापडतं, तसं कुलकर्ण्यांचं नाही. कारण उघड आहे. लिहिणं ज्यांच्या हातात त्यांच्याकडेच ते राहिलं, आणि त्यांनी ते राहू दिलं. याची दुसरी बाजूही कुलकर्ण्यांनी स्वतःच सांगितली पाहिजे. 'कलमकसाई' हा शब्द मराठीत उगाच आला नाही. मोडी वाचता न येणाऱ्याने भरलेला सारा वहीत चढला की नाही, हे त्याला कोण सांगणार? महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) भट-कुळकर्ण्यांना जे झोडपलंय, ते वाचताना मला माझ्या पणजोबांचा फोटो आठवतो. डोक्याला पगडी, पुढ्यात कलमदान. ते कसे होते मला ठाऊक नाही. पण एवढं खरं, की वही त्यांच्या हातात होती.

प्रश्न : आमचं मूळ आडनाव वेगळं होतं असं आजी म्हणायची, पण कोणतं ते तिलाही आठवत नव्हतं. गावाकडचा वाडा १९४८ मध्ये जळाला, कागद काही नाही. शोध कुठून सुरू करावा? — वाचक, सांगली

तुमच्या एका वाक्यात कुलकर्ण्यांच्या स्थलांतराचा निम्मा इतिहास आहे, म्हणून आधी त्यावर थोडं.

गाव सुटलं ते एका झटक्यात नाही, पण फार सावकाशही नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ सालीच कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. इंग्रजी मुलखातही तलाठी हळूहळू येत होते. बऱ्याच घरी काम गेलं होतं आणि जमीन तेवढी उरली होती. मग गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जळाली आणि कितीतरी कुटुंबं रातोरात पुण्या-मुंबईला आली. १ मे १९५१ पासून मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं कायद्याने रद्द झाली; जमिनी सरकारजमा झाल्या आणि साऱ्याच्या ठरावीक पट रक्कम भरणाऱ्याला परत मिळाल्या. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने, ज्या कुळांचा हिशेब कुलकर्णी लिहीत होता, तीच कुळं त्या जमिनीची मालक झाली. दहा वर्षांच्या आत वाडा, वतन आणि जमीन. उरलं ते आडनाव, आणि शाळेत जाऊन शिकायची सवय. आज कुलकर्णी सदाशिव पेठेत, कोथरूडात, डोंबिवलीत का सापडतात आणि मूळ गावात का नाहीत, त्याचं उत्तर हेच. आमच्या गावात आता एकही कुलकर्णी घर नाही. 'कुलकर्ण्याची विहीर' आहे. पाणी आहे अजून.

आता शोध. घरचं दप्तर जळालं तरी सरकारी प्रत जळत नाही, हा नोकरीत शिकलेला पहिला धडा. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गावाचं नाव सांगून जुने फेरफार, इनामपत्रक आणि कडईपत्रक, ही जमिनीची जुनी सरकारी कागदपत्रं मागा. वतन होतं म्हणजे त्याची वाटणी होती. एका कुलकर्णाचे चार-चार, आठ-आठ तक्षीमदार, म्हणजे वाटेकरी, असायचे आणि आळीपाळीने काम करायचे. कोणाची पाळी कोणत्या साली यावरून जी भांडणं झाली, त्या भांडणांतच वंशावळी सापडतात, कारण हक्क सांगायचा तर आजोबा-पणजोबांची नावं द्यावी लागत. भांडकुदळ पूर्वज असलेला माणूस नशीबवान; शांत पूर्वजांचा कागद सापडत नाही. १८७४ च्या वतन कायद्यानंतरची अशी प्रकरणं तुलनेने सोपी, काही बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आहेत. त्यामागची मोडीत, पुण्याच्या पुरालेखागारात. पेशवे दफ्तर तिथेच आहे. कोल्हापूर संस्थानातलं गाव असेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात जा.

मात्र एका निराशेची तयारी ठेवा. मी पहिल्यांदा एका मैत्रिणीसाठी असा कागद काढला तो प्रसंग सांगते. रुमाल सोडला. रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं फडकं, मातकट रंगाचं, गाठ इतकी जुनी की कापडाचाच भाग झालेली. आत हातकागद, कडा वाळवीने नक्षीदार केलेल्या. मोडीची ओळ डावीकडून निघाली की बोरू न उचलता थेट उजव्या टोकाला. शेवटी साक्षी. पाटलाच्या नावापुढे नांगराचं छोटंसं चित्र, निशाणी नांगर. आणि तळाशी लिहिणाऱ्याची नोंद: 'बिकलम', मग त्याचं नाव, वडिलांचं नाव, 'कुलकर्णी, मौजे मजकूर'. मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेलं गाव. झालं. आडनावाचा पत्ता नाही. मैत्रीण हिरमुसली. मी म्हटलं, अगं, त्या माणसाला गावात दुसरा कुलकर्णीच नव्हता, तो कशाला आणखी ओळख लिहील? इंग्रजी शाळेच्या नि कचेरीच्या रजिस्टरात 'आडनाव' असा रकाना आला, तेव्हा कुठे त्याच्या नातवाने हुद्दा उचलून तिथे लिहिला.

म्हणून मूळ उपनावासाठी कचेरीपेक्षा धर्मकृत्यांच्या वाटेने जा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तुमच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. पूर्वज यात्रेला गेला की तिथे स्वतःच्या हाताने कूळ, गाव, भावांची, मुलांची नावं लिहून यायचा. तिथे उपनाव असण्याची शक्यता जास्त. जाताना गावाचं जुनं नाव, जुना तालुका आणि किमान पणजोबांचं नाव हातात ठेवा. 'आम्ही कुलकर्णी' एवढ्यावर उपाध्ये वही उघडणार नाहीत आणि उघडली तरी उपयोग नाही. त्यांच्याकडे कुलकर्ण्यांचा तोटा नसतो. दुसरा मार्ग घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारण्याचा. आडनाव नव्हे, कुलदैवत, बोडणाची-नवरात्राची रीत आणि 'अमक्यांच्या घरी आपण सुतक पाळतो' हे विचारा. सुतक ज्यांचं पाळता ते भाऊबंद. त्यांच्यातल्या एखाद्या शाखेने मूळ उपनाव टिकवलेलं असतं.

प्रश्न : जगात एकूण कुलकर्णी किती? एका ॲपवर आकडा पाहिला, मित्राने दुसऱ्या ठिकाणी त्याच्या दुप्पट दाखवला. — विद्यार्थी, नाशिक

दोन्ही विसरा. भारताची जनगणना आडनावनिहाय तक्ते देत नाही. त्यामुळे असले आकडे मतदारयाद्या किंवा तसल्याच मिळेल त्या याद्यांवरून बांधलेले अंदाज असतात, आणि अंदाज बांधणाऱ्याला 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' एकच हेही ठाऊक नसतं. अमेरिकेत जनगणना खातं शंभर किंवा अधिक वेळा आलेल्या आडनावांची यादी काढतं. २०१० च्या यादीत पहिल्या शंभरात 'पटेल' आहे. तोही मुळात गावचा हुद्दा, आपल्या पाटलाचा सख्खा भाऊ. दोघं जुन्या 'पट्टकील'चे. पाटील पुढे गेला, यात आम्हाला नवीन काही नाही.

संख्या मोजायची माझी पद्धत वेगळी. मराठी समीक्षेचं कपाट उघडा: वा. ल., गो. म., व. दि., द. भि. इतिहासाचं उघडा: अ. रा. सगळे कुलकर्णी, आणि सगळे आद्याक्षरांनी ओळखले जाणारे, कारण नुसतं 'कुलकर्णी सर' म्हटलं तर कोणत्याही मराठी विभागात दोघं तरी मागे वळून पाहायचे. सिनेमात तर सोनाली कुलकर्णीही दोन आहेत. आडनाव इतकं झालं की ते ओळख पटवायचं कामच सोडून देतं.

प्रश्न : माहेर कुलकर्णी, सासर कुलकर्णी. एका कागदावर 'कुळकर्णी' पडलंय. बरोबर कोणतं? आणि लग्नानंतर नाव बदललं असं लिहायचं का? — वाचक, ठाणे

अगं, तू माझीच पोरगी शोभतेस. 'कुळकर्णी' मराठी वळणाचं, जुन्या छापील पुस्तकांत तेच जास्त. 'कुलकर्णी' संस्कृताकडे झुकलेलं, आता रूढ. दोन्ही बरोबर, पण आधार, पॅन आणि पासपोर्टवर एकच ठेव, नाहीतर सरकारदरबारी तुम्ही दोघी व्हाल.

नावाचं म्हणशील तर आडनाव तेच असलं तरी मधलं नाव बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो, तो बदल लिहायचा असेल तरच लिही. मी लिहिला होता. लग्नानंतर बँकेत खातं बदलायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पाहिला. आधीचं आडनाव कुलकर्णी, नंतरचं कुलकर्णी. फॉर्म परत सरकवून म्हणाल्या, "नंतरचं आडनाव भरलेलं नाही तुम्ही." मी म्हटलं, भरलंय. त्या म्हणाल्या, "हे तर माहेरचं." लग्नाची पत्रिका दाखवली, तर त्यात वरपक्ष कुलकर्णी, वधूपक्ष कुलकर्णी, आशीर्वादाला बसलेले अठरा जण कुलकर्णी. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि साहेबांकडे घेऊन गेल्या. साहेबांच्या टेबलावर नावाची पाटी होती. त्यांनी सही केली, काही विचारलं नाही. पाटीवर काय होतं ते तू ओळखलंच असशील.